दस्त्याची उजवी बाजू

डॉक्टरसाहेब,

तुम्ही गेल्यावर घरी आलेल्या प्रत्येकाजवळ तुमची एक तरी गोष्ट होती, आणि प्रत्येक गोष्टीत एक जनावर होतं. कुणाची अडलेली म्हैस, कुणाचा ऐन पेरणीत बसलेला बैल, कुणाची साप चावलेली शेळी. कंधार, नायगाव, किनवट, जिथे जिथे तुमची बदली झाली तिथून माणसं आली होती. बंदुकांचा विषय फक्त एकाने काढला, तोही आवाज खाली करून. "साहेबांना तेवढा एक नाद होता," तो म्हणाला, पत्त्यांचा नाद असावा तसं. तुमच्या मुलीने, नसरीनआपांनी, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की मला काहीतरी म्हणायचंय आणि मी ते म्हणणार नाही.

म्हणून लिहिते आहे. समोर माणसं नसली की मला बोलता येतं.

लातूरहून नोकरीसाठी नांदेडला आले आणि तुमच्या वरच्या खोलीत राहू लागले, तेव्हा आपलं बोलणं 'पाणी आलं का' आणि 'आलं' एवढंच होतं. मला ते पुरेसं वाटायचं. मग एका रविवारी तुम्ही जिना चढून आलात आणि दारातूनच विचारलंत, "बेटा, तुझ्या मोबाइलचा कॅमेरा बारीक अक्षर पकडतो का?" मला वाटलं, औषधाच्या बाटलीवरचं काही वाचायचं असेल. खाली आले तर जेवणाच्या टेबलावर जुनी रजई अंथरलेली आणि तिच्यावर एक बंदूक. मी उंबऱ्यातच थांबले. तुम्ही 'ये' म्हणाला नाहीत, 'घाबरू नको' असंही म्हणाला नाहीत.

"रिकामी आहे," म्हणालात. "पण मी सांगितलं म्हणून मानायचं नाही. हे बघ." चापाभोवतीचं लोखंडी कडं तुम्ही खाली ओढलंत, आतली मोकळी जागा मला दाखवलीत, आणि मग कडं वर केलंत. त्या हालचालीचा आवाज मला आवडला. दोन वेळा खटका, मध्ये थोडी शांतता. बंदुकीचं काही मला आवडू शकेल असं तोवर वाटलं नव्हतं.

त्या कड्याच्याच, म्हणजे लिव्हरच्या, बंदुका तुम्हाला हव्या असायच्या, दुसऱ्या कुठल्याच नाहीत. कडं खाली ओढलं की रिकामं काडतूस बाहेर, वर केलं की नवं आत. अमेरिकेत बनलेल्या या बंदुका शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निझामाच्या मुलखात आल्या. काही जहागीरदारांच्या शिकारीसाठी, काही सरकारी खात्यांच्या शिपायांसाठी. परवान्यावर दोनच ठेवता येतात, तेव्हा तुमचा संग्रह म्हणजे दोन घरात आणि बाकीच्या डोक्यात. नोकरीत गावोगाव हिंडताना कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कपाटामागे पाहिलेली प्रत्येक बंदूक तुम्हाला अंगावरच्या खुणांसकट आठवायची. ती कोणत्या मॉडेलची, केव्हाची, कुणाकुणाच्या हातून गेलेली, हे उलगडण्यातच तुमचा सगळा आनंद होता. चालवताना मी तुम्हाला कधीच पाहिलं नाही.

मला इंग्रजी यायचं, तुम्हाला उर्दू. परदेशी संग्राहकांनी इंटरनेटवर लिहिलेलं मी तुम्हाला मराठीत सांगायचे. लोखंडावर ठोकलेले उर्दू आकडे तुम्ही मला वाचून दाखवायचात. तुमची एक शिस्त होती. आधी दोन्ही हात मागे. मग दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत नुसतं बघायचं. "काय दिसतं ते सांग," तुम्ही म्हणायचात. "काय माहीत आहे ते नंतर." शाळेपासून मला सगळे विचारत आले, तुला काय वाटतं, बोल ना, मत सांग ना. नुसतं काय दिसतं हे विचारणारे पहिले तुम्हीच. ते मला येत होतं.

इस्लापूरची खेप आठवते? कुणीतरी निरोप धाडला होता की घरात आजोबांची लिव्हरची रायफल आहे. एसटीने गेलो, रस्त्याने तुम्ही धबधब्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाने पेटीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली, आणि ती छर्ऱ्याची बंदूक निघाली. तिलाही खाली कडं होतं खरं, पण हवा भरायचं. मला हसू दाबता येईना. तुम्ही मात्र हात मागे घेऊन तिलाही तसंच, शेवटापर्यंत बघितलंत. ती कुठली, साधारण किती जुनी, तेल कुठे सोडायचं, गंज कशाने काढायचा, सगळं त्या माणसाला सांगितलंत. तो खूश होऊन आपल्याला पोचवायला फाट्यापर्यंत आला. बसमध्ये मी म्हणाले, "खेप वाया गेली." तुम्ही म्हणालात, "कुणाची? त्याची तर नाही गेली."

आणि निवडणुका. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा. तुम्ही दोन्ही बंदुका रजईत गुंडाळून रिक्षात बसायचात. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "डॉक्टरसाहब, सितार है क्या?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "हौ. पर अभी बेसुरी है." ठाण्यात दर वेळी दस्त्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकत. एक पुसट व्हायच्या आत दुसरा. परदेशातला एखादा संग्राहक ते बघून रडला असता. मी एकदा विचारलं, पुसायचे का? तुम्ही म्हणालात, "का? हे पण तिच्या अंगावरचंच आहे."

आता कंधारच्या बंदुकीबद्दल. तिच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले.

तुमच्या दोन बंदुकांपैकी ती एक. कंधारजवळच्या एका शेतकरी घराण्याची. त्यांच्या बैलांवर तुम्ही वर्षानुवर्षं औषधपाणी केलं होतं, आणि परवान्याचं नूतनीकरण झेपेना तेव्हा त्या घरच्या बालाजीच्या वडिलांनी ती रीतसर तुमच्या नावावर केली. घराण्यात सांगत आले होते की बालाजीच्या पणजोबांनी, आबांनी, पोलीस ॲक्शनच्या वेळी एका रझाकाराच्या हातून ती हिसकावून घेतली. गावच्या घरात आबांचा फोटो आहे आणि त्याखाली तसं लिहिलेलं आहे. बंदूक तुमच्याकडे आली तरी मान त्यांचाच राहिला. दर खंडेनवमीला ते घर नांदेडला यायचं आणि तुमच्या बैठकीत तिची पूजा व्हायची. बालाजीची आई हळदीचं बोट टेकवायला लागली की तुम्ही म्हणायचात, "वहिनी, लाकडाला लावा. लोखंडाला नको, सर्दी होते तिला." त्या दर वर्षी हसायच्या, आणि तुम्ही दर वर्षी तेच म्हणायचात.

तिच्यावर चार उर्दू आकडे होते, सालाचे, आणि शेजारी एक पुसट अक्षर, काफ, म्हणजे आपला 'क'. तुम्ही ते साल हिजरी धरलं होतं आणि काफ एका जहागीरदाराच्या नावाचं. जहागीरदाराच्या शिकारखान्यातून रझाकाराकडे, तिथून आबांकडे. सगळं जुळत होतं.

ते जुळणं मी मोडलं. या मॉडेलला आत धूळ जाऊ नये म्हणून वर एक सरकती पट्टी असते. ती ज्या रुळावर सरकते तो रूळ सुरुवातीच्या बंदुकांत स्क्रूने बसवलेला असायचा, नंतरच्यांत अंगाचाच भाग झाला. मी नुसतं म्हणाले, "स्क्रू दिसत नाहीत." मग घरी वाचलेलं सांगितलं. साल हिजरी असेल तर स्क्रू हवेत. नाहीतर जन्माच्या आधीच हिच्यावर शिक्का बसला म्हणायचा.

तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात, परत बघितलंत. मला वाटलं होतं, इतकी वर्षं मानलेलं मोडलं म्हणून तुम्हाला राग येईल. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुमचा फोन आला, आवाज लहान मुलासारखा. "बेटा, फसली! फसली साल आहे!" निझामाची सरकारी खाती फसली, म्हणजे महसुली, सालाने चालत; ते हिजरीहून सात-आठ वर्षांनी मागे, म्हणून तोच आकडा तेवढ्या वर्षांनी नंतरचा. म्हणजे बंदूक जहागीरदाराची नव्हती, खात्याची होती. आणि काफ? करोडगिरी. जकातीचं खातं. नाक्यावरच्या शिपायाची बंदूक होती ती. तुम्ही मित्रांनाही फोन करून सांगत सुटलात, "मी चुकलो होतो, या पोरीनं पकडलं." आपली चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तो आनंद ओसरला होता. तुम्ही बंदूक कुशीवर ठेवली होती, दस्त्याची उजवी बाजू वर.

"काय दिसतं?"

वार्निश गेलेलं. लाकूड काळपट, गुळगुळीत, मध्ये किंचित खोलगट. डावी बाजू मात्र जवळजवळ नवी. उजव्या हाताच्या माणसाचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो. हा कुणा डावऱ्याचा गाल होता, आणि तो पुष्कळ वर्षं तिथे टेकला होता.

"त्यांच्या गोठ्यात एक विळा टांगलेला असायचा," तुम्ही म्हणालात. "उलट्या बाजूनं धार लावलेला. आबाचा विळा म्हणायचे, उजव्या हाताला चालायचा नाही."

मी हळूहळू समजत गेले. आबांनी ती बंदूक कुणाच्या हातून घेतली नव्हती. ते स्वतः नाक्यावर शिपाई होते, निझामाच्या चाकरीत. राज्य गेलं तेव्हा ती घेऊन घरी आले.

"दुसरा कुणी डावरा असू शकतो," मी म्हणाले.

"असू शकतो," तुम्ही म्हणालात. "पण एक तालुका, एक बंदूक आणि दोन डावरे? तूच सांग."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बालाजी आला. कंधारला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, माणूस बोलका, चारचौघांत उठबस असलेला. मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमात घराण्याचा सत्कार होणार होता. बंदुकीची माहिती तुम्ही जाणकार म्हणून लिहून द्यायची होती.

"दोनच ओळी, डॉक्टरसाहेब. खाली सही ठोका, बस."

"नाही लिहिणार, बालाजी."

"का बरं? तुमच्याएवढं हिला कोण वळखतं?"

"म्हणूनच."

तो मग उठला. "न्हाईच लिवणार तुम्ही," तो म्हणाला. "तुमचं बी बरोबर हाय म्हणा. आम्हालाच आधी कळाया पाहिजे व्हतं." त्या 'तुमचं' चा अर्थ खोलीतल्या तिघांनाही कळला. तुम्ही त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलात.

त्या वर्षी खंडेनवमीला ते लोक आले नाहीत. तुम्ही सकाळीच झेंडू आणला होता. रजई अंथरली, बंदूक ठेवली, ताट ठेवलं. दुपारचा चहा झाला. संध्याकाळी तुम्ही शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढलीत आणि अजिबात मळलेली नसलेली बंदूक पुसत बसलात.

तेव्हाच आपलं भांडण झालं. मी भांडले, म्हणजे माझ्या मानाने. त्यांना खरं सांगायला हवं, मी म्हणाले. ओळख पटवायची आणि दडवून ठेवायची, मग पटवायची कशाला?

"त्यानं विचारलं का?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही घाबरता."

"हौ, घाबरतो," तुम्ही म्हणालात. "पण तुला वाटतं त्याला नाही. मी सांगितलं ना बेटा, तर काय सांगितलं ते कुणी ऐकणार नाही. कुणी सांगितलं तेवढंच ऐकतील. मग आबापण जाईल, मीपण जाईन आणि खरंपण जाईल. त्याला विचारू दे. स्वतःहून विचारलं तर ऐकेल."

"आणि नाहीच विचारलं तर?"

तुम्ही उठून कुंड्यांना पाणी घालायला गेलात. आपला वाद तिथेच राहिला. अजूनही मला वाटतं की मी निम्मी बरोबर होते. पण खोटं लिहायचं नाही, आणि खरं कुणाच्या डोक्यात मारायचं नाही, या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत तुम्ही दोन वर्षं उभे राहिलात, टोमणा गिळून, कुणाला न सांगता. मला वाटायचं, गप्प राहणं म्हणजे माझ्यासारखं असणं. ते इतकं ताकदीचंही असू शकतं हे तुमच्याकडे बघून कळलं. तुम्हाला हे सांगायचं राहिलं.

पुढच्या वर्षी त्याची आई पूजेला आली. बालाजी मोटरसायकलवर फाटकाबाहेरच बसून राहिला. तुम्ही स्वतः कप घेऊन बाहेर गेलात. "बालाजी, साखर कमी झाली आहे. चालेल ना?" त्याने चहा घेतला. कप रिकामा करून तुमच्या हातात परत दिला.

आणि परवा.

परवाना तुमच्या नावावर होता, त्यामुळे दोन्ही बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. पुढे त्या आपल्या नावावर घेण्याचा अर्ज नसरीनआपा करणार आहेत. "तू चल," त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काही सांगता येणार नाही." बालाजीलाही कुठून तरी कळलं होतं. तो कंधारहून आला. आपा आत कागदांवर सह्या करत होत्या. ठाण्याच्या ओसरीतल्या बाकावर रजई, रजईवर बंदुका, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो.

"ताई, एक विचारू का?"

मी मान हलवली.

"त्यांनी लिहून का न्हाई दिलं? राग व्हता का आमच्यावर?"

"राग नव्हता."

"मंग काय व्हतं? तुम्हाला म्हाईत हाय. सांगा."

डॉक्टरसाहेब, त्याने विचारलं. तुम्ही दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याने विचारलं, आणि समोर मी होते. आपा लवकर बाहेर याव्यात असं वाटलं. मग मी दोन्ही हात मागे घेतले आणि फक्त काय दिसतं ते सांगायला लागले. रूळ. नसलेले स्क्रू. आकडे, काफ. खातं, नाका. मग मी बंदूक कुशीवर केली आणि दस्त्याची उजवी बाजू त्याला दाखवली. तिथे कुणाचा गाल टेकतो ते सांगितलं.

"आबा डावरा व्हता," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला कोण सांगितलं?"

"डॉक्टरसाहेबांनी तुमच्या गोठ्यात विळा पाहिला होता."

त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हंजे आबा निझामाचा शिपाई."

"नाक्यावरचा. बहुतेक."

"आन रझाकार?"

"त्याबद्दल बंदूक काही सांगत नाही," मी म्हणाले. "काही घडलंही असेल. पण ही एका दिवसात हातात आलेली नाही. एकाच माणसाने वर्षानुवर्षं वापरलेली, सांभाळलेली आहे."

"फोटोखाली लिवलंय ना ताई. सगळ्या गावानं वाचलंय. आता काय सांगू मी?"

याचं उत्तर तुम्हाला आलं असतं का, माहीत नाही. तुम्हीही कदाचित फक्त शेजारी बसला असतात. मी बसले. तो उठून जाईल असं मला वाटत होतं. जाताना तुमच्याबद्दल काय बोलेल, तेही मी मनात ऐकून घेतलं.

तेवढ्यात हवालदार चिठ्ठ्या आणि सुतळी घेऊन बाहेर आले. "चला, उरका."

बालाजी उभा राहिला. "साहेब, एकदा हातात धरू का? आमच्या घरची हाय."

हवालदारांनी कडं ओढून आत बघितलं आणि बंदूक त्याच्या हातात दिली. त्याने ती उचलली, रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे वळला, आणि जराही विचार न करता डाव्या खांद्याला लावली. त्याचा गाल त्या खोलगट जागेवर टेकला.

हवालदार हसले. "अहो, उलटी धरली तुम्ही! ह्या खांद्याला, ह्या."

बालाजीने गाल उचलला नाही.

"उलटी न्हाई साहेब," तो म्हणाला. "आमच्यात अशीच धरतेत."